बिनफवारणीच्या बागेतले पाच अनोळखी पाहुणे: ओळख पटवायला मदत हवी

सोनकुसुम:

नमस्कार मंडळी.

बागेत औषध मारणं पूर्ण बंद केल्यापासून किड्यांची वर्दळ चांगलीच वाढली आहे. एका कोपऱ्यातला पालापाचोळा झाडत नाही, वाळलेली एक जाड फांदी मुद्दाम ठेवली आहे, पसरट भांड्यात खडे घालून पाणी ठेवते. फुलपाखरं हळूहळू ओळखू यायला लागली, पण बाकीच्यांच्या बाबतीत माझी मजल "माशी, मुंगी, किडा" याच्या पुढे जात नाही. वही मात्र नेमाने लिहिते. त्यातल्या पाच नोंदींवर गाडी अडली आहे. फोटो धड नाहीत. मोबाइल जवळ नेला की समोरचा गेलाच म्हणून समजा. तेव्हा शब्दांवर भागवून घ्या.

पहिली भानगड गुलाबाची. पानांच्या कडेचे गोल तुकडे कोणीतरी कापून नेतंय. कुरतडल्यासारखं नाही, पंच मशीनने कागद कापावा तशी स्वच्छ कड. काही तुकडे गोल, काही लांबट. अळी शोधली, नाही. खालच्या पानांवर लेंड्या शोधल्या, त्याही नाहीत.

दुसरा झेंडूवर येतो. पिवळे-काळे पट्टे, मधमाशीपेक्षा बारीक. फुलासमोर हवेत थांबतो, म्हणजे अक्षरशः थांबतो, मग झटकन बाजूला सरकून पुन्हा थांबतो. एकदा माझ्या मनगटावर बसून घाम चाटून गेला. डंख वगैरे काही नाही.

तिसरं प्रकरण जास्वंदीवर. पिठ्या ढेकूण झालाय, तेवढं मला कळतं. पण त्या पांढऱ्या पसाऱ्यात काही मोठे पुंजके आहेत आणि ते चालतात! बाकीचे जागचे हलायला तयार नाहीत आणि हे फांदीवरून तुरुतुरु. अंगावरचे तंतू लांब, झिपऱ्या झिपऱ्या. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सगळंच धुऊन काढायच्या बेतात होते, हे पाहून थांबले. ही पिठ्या ढेकणाची मोठी मादी का?

चौथे मोगली एरंडाच्या फळांवर घोळक्याने बसतात. हिरवा-निळा चकचकीत रंग, वर काळे ठिपके. वहीत "भुंगेरा" लिहिलंय, पण पाठीवर मधली रेघ दिसत नाही म्हणून पुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. त्याच गर्दीत काही लहान, गोलसर, बिनपंखांचे जीव होते, नक्षी वेगळीच.

पाचवी मुंगी. लालसर, बारीक कंबर, मिशा हलवत पानावर फिरत होती. पान हलवलं तर तिने उडी मारली आणि धाग्याला लोंबकळली. मुंगी आणि धागा?

शिवाय एक सरसकट प्रश्न. ॲपला एकाच किड्याचे दोन फोटो दिले तर दोन नावं मिळतात. तुम्ही मंडळी नाव पक्कं कसं करता? आणि वहीत नेमकं काय लिहावं, म्हणजे नंतर कोणाला विचारताना उपयोग होईल?

भिंगवाला:

ताई, फोटो नाहीत हे एका परीने बरंच झालं. अंधूक फोटो टाकून "हे काय?" एवढंच विचारणारे पुष्कळ. "लेंड्या नाहीत", "मधली रेघ नाही", "धाग्याला लोंबकळली" असं लिहिणारे कमी. तुमच्या पाचही पाहुण्यांचा पत्ता तुमच्याच वाक्यांत आहे, फक्त काहींचं गाव कळतं, घर नंबर कळत नाही.

मुंगीपासून सुरुवात करतो, कारण ती मुंगी नाही. पुन्हा भेटली तर पाय मोजा, आठ भरतील. हा उड्या मारणारा कोळी आहे, मिर्माराक्नी किंवा तिच्या भाऊबंद गणातला (गण म्हणजे जातीच्या वरची पायरी, कुळ त्याच्याही वर). पुढचे दोन पाय उचलून मिशांसारखे हलवत राहतो, त्यामुळे सहाच पाय आणि दोन मिशा असा हिशेब लागतो. शरीराच्या पुढच्या भागाला मध्येच खाच असते, म्हणून डोकं आणि छाती वेगळी असल्याचा भास होतो. उडी मारण्याआधी हे कोळी धागा चिकटवून ठेवतात, तुम्ही पाहिलात तो तोच. नर आणखी बिलंदर. त्याचे जबडे पुढे इतके लांब वाढलेले असतात की एक मुंगी तोंडात दुसरीला धरून चालली आहे असंच वाटतं. मुंग्या चावतात, आम्ल सोडतात आणि एकट्या नसतात, त्यामुळे बरेच शिकारी त्यांच्या नादी लागत नाहीत. कोळ्याला हा दरारा फुकटात मिळतो. अवांतर: शेंगांच्या वेलांवर येणाऱ्या रिपटॉर्टस ढेकणाची पिल्लंही हुबेहूब मुंग्यांसारखी असतात. त्यांना पाय सहाच, पण धागा मात्र नाही.

आता चकचकीत मंडळी. प्रश्नचिन्ह ठेवलंत ते फार चांगलं केलंत. भुंगेऱ्याच्या पुढच्या पंखांची टणक झाकणं होतात आणि ती दोन झाकणं पाठीवर सरळ रेघेत भेटतात. रेघ नाही म्हणजे भुंगेरा नाही. ढेकणांच्या एका कुळात पाठीवरची त्रिकोणी ढाल वाढत वाढत पोटाच्या टोकापर्यंत जाते आणि पंख तिच्याखाली झाकले जातात. अख्खी पाठ एकसंध दिसते ती त्यामुळे. इंग्रजीत यांना ज्वेल बग म्हणतात. खात्री करायची तर एखादा उलटून पडलेला बघा: भुंगेऱ्याला चावायचे जबडे असतात, याला सोंड असते आणि ती दोन पायांच्या रांगांमध्ये पोटाशी दुमडलेली असते. ते लहान बिनपंखी जीव म्हणजे यांचीच पिल्लं. ढेकणांत अळी-कोष असा प्रकार नसतो. पिल्लू साधारण पाच अवस्थांतून कात टाकत मोठं होतं आणि शेवटच्या कातीनंतर पूर्ण पंख येतात. मोगली एरंडावर घोळका म्हणजे बहुधा स्कुटेलेरा गण. जात मी फोटोशिवाय सांगणार नाही.

झेंडूवरची ती माशी. मधमाशी नव्हे, खरीखुरी माशी: सिरफिड किंवा हॉवरफ्लाय. मधमाशीला पंखांच्या दोन जोड्या, माशीला एकच. दुसऱ्या जोडीच्या जागी गाठीच्या दोन बारीक दांड्या उरलेल्या असतात, त्या उडताना तोल सांभाळतात. उडत्या माशीचे पंख मोजणं कोणालाच जमत नाही, म्हणून डोकं बघायचं. मधमाशीच्या मिशा लांब आणि कोपरात वळलेल्या. हॉवरफ्लायच्या मिशा इतक्या आखूड की नाहीतच असं वाटावं, आणि डोळ्यांनी जवळजवळ सगळं डोकं व्यापलेलं. बहुतेक जातींत नराचे डोळे माथ्यावर एकमेकांना टेकतात आणि मादीच्या डोळ्यांत फट असते. म्हणजे जात कळली नाही तरी नर की मादी हे सांगता येतं! पट्टे निव्वळ देखाव्याचे. डंखच नाही तर मारणार काय?

मात्र हवेत थांबला म्हणजे हॉवरफ्लायच, असा ठोकताळा बांधू नका. निळ्या पट्ट्यांची अमेगिला मधमाशीही फुलासमोर तशीच थांबते, पण तिचा गुंजारव मोठा आणि अंगावर दाट लव. समोर लांब, ताठ सोंड रोखलेली केसाळ माशी दिसली तर ती बॉम्बिलिड.

जास्वंदीवरच्या चालत्या पुंजक्यांबद्दल: फवारा थांबवलात, त्यांच्यावर उपकार झाले. ती पिठ्या ढेकणाची मादी नाही, पिठ्या ढेकूण खाणारी अळी आहे. क्रिप्टोलीमस नावाचा लेडीबर्ड भुंगेरा असतो, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. पिठ्या ढेकणाच्या बंदोबस्तासाठी जगभर नेऊन सोडलेला. त्याची अळी अंगावर मेणाचे पांढरे तंतू वाढवते आणि भक्ष्याच्या कळपात बेमालूम मिसळते. आकाराने मात्र ती लपत नाही. पिठ्या ढेकूण फार तर ३-४ मिलिमीटर, ही पूर्ण वाढली की १२-१३ मिलिमीटरपर्यंत जाते. प्रौढ भुंगेरा काळपट, डोकं आणि मागचं टोक नारिंगी. तोही आसपास दिसेल. मादी अंडी घालते तीच मुळी पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडपुंजक्यात, म्हणजे पोर जन्मतःच जेवणाच्या ताटात. त्याच धाटणीच्या, मेण वाढवणाऱ्या अळ्या स्किम्नस या छोट्या लेडीबर्डच्याही असतात, तेव्हा वहीत "क्रिप्टोलीमस किंवा त्याचा नातेवाईक" एवढंच लिहा. साबणाचं पाणी मारलंत तर ढेकणांबरोबर याही जातील. फारच अती झालेली फांदी छाटा, बाकी त्यांच्यावर सोपवा.

गुलाबाच्या पानांचं उत्तर तर तुम्हीच दिलंय. अळीने खाल्लं असतं तर खाली लेंड्या पडल्या असत्या. नाकतोड्याने खाल्लं असतं तर कड फाटकी, वेडीवाकडी असती. स्वच्छ कापणारी एकच: पानं कापणारी एकटी मधमाशी, मेगाकाइली. ती पान खात नाही, घर बांधायला नेते. लाकडातलं भोक, पोकळ काडी, भिंतीतली फट, असं काहीतरी निवडते. लांबट तुकडे आतल्या भिंतींना, गोल तुकडे वरच्या झाकणाला. म्हणून तुम्हाला दोन आकार दिसले. खोलीत परागकण आणि मध यांचा गोळा ठेवायचा, त्यावर एक अंडं, झाकण, आणि त्याला लागून पुढची खोली. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. सगळं एकटीच्या जिवावर. गुलाबाला चार पानं गेल्याने काही होत नाही. तुमची ती वाळकी फांदी नीट बघा, मला तिचाच संशय येतोय.

नाव पक्कं करण्याबद्दल माझं मत जरा कडवट आहे. जातीपर्यंत जायची घाई कशाला? आजवर साधारण १० लाख कीटकजातींची शास्त्रीय नोंद झालेली आहे. त्यातल्या ढिगाने जाती अशा आहेत की सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियं पाहिल्याशिवाय तज्ज्ञही नाव सांगत नाहीत. बारीक माश्या आणि परजीवी गांधीलमाश्या यांत तर बागेतला फोटो कुळाच्या पुढे क्वचितच नेतो. मी आधी पंख बघतो: जोड्या किती, झाकण आहे का, खवले आहेत का. मग तोंड: सोंड की जबडा. मग झाड. मग तो काय करतोय. कुळ कळलं की बहुतेक वेळा त्याचा धंदा कळतो, आणि बाग राखणाऱ्याला तेवढं पुष्कळ आहे. ॲप मी सगळ्यात शेवटी उघडतो.

वहीत तारीख, वेळ, झाड, झाडाचा कुठला भाग, किडा काय करत होता आणि मिलिमीटरमध्ये लांबी. लांबी अंदाजे नको. किडा बसला होता त्या पानाची रुंदी नंतर पट्टीने मोजायची आणि त्यावरून काढायची. फोटोसाठी सकाळी लवकर जा. ऊन तापेपर्यंत ही मंडळी सुस्त असतात, कॅमेरा जवळ नेलेला चालतो. वरून एक, बाजूने एक, तोंडाचा एक. फुलपाखरू असेल तर मिटलेल्या पंखांची खालची बाजू विसरू नका.

मातीतलेहात:

भिंगवाल्यांनी लेडीबर्डचं निम्मंच सांगितलं, म्हणून पुढचं लिहितो. सगळे लेडीबर्ड आपले नाहीत. वांग्याच्या पानाची जाळी झालेली दिसली, फक्त शिरा उरलेल्या, तर पान उलटून बघा. पिवळ्या, अंगभर फांद्या फुटलेल्या काट्यांची अळी दिसेल. ती २८ ठिपक्यांच्या भुंगेऱ्याची, हेनोसेपिलाक्ना. हा लेडीबर्डच्याच कुळातला, पण शाकाहारी. ठिपके मोजत बसायची गरज नाही. मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) खाणाऱ्यांची पाठ गुळगुळीत, उजेड पडला की चमकते. याच्या पाठीवर बारीक लव असते म्हणून तो मळकट, बिनचमकीचा दिसतो. अळ्यांतही फरक आहे. मावा खाणाऱ्यांची लांबट, काळपट, नारिंगी ठिपक्यांची आणि चपळ. शाकाहारी अळी जागेवर बसून पान खरवडते.

आणि ताई, माव्याकडेही जरा जवळून बघा. हिरव्या माव्याच्या गर्दीत मधूनच एखादा फुगलेला, बदामी रंगाचा, कागदी कातडीचा दिसेल. हलवला तर हलणार नाही, पानाला चिकटलेला असतो. तो मेलाय. आत ॲफिडियस जातकुळीच्या गांधीलमाशीची अळी वाढली, तिने त्याला आतून पोखरलं आणि त्याचंच टरफल करून कोषात गेली. अशा माव्याला ममी म्हणतात. पाठीवर मागच्या बाजूला अगदी गोल भोक असेल तर माशी बाहेर पडून गेली. भोक नसेल तर अजून आत आहे. माझ्याकडे भिंग आहे ते मुख्यतः याच कामासाठी. कधी कधी भोकाचं झाकण एका बाजूला लटकत असतं, बिजागरीवर राहावं तसं. माशी स्वतः जेमतेम २-३ मिलिमीटर, ती बघून तुम्ही गांधीलमाशी म्हणणारच नाही.

ममी दिसायला लागल्या की मी माव्याला हात लावत नाही. फक्त मुंग्यांचा बंदोबस्त करतो. मुंग्यांना माव्याचा गोड चिकटा हवा असतो, त्यामुळे त्या राखण करतात आणि लेडीबर्डला, अळ्यांना हुसकून लावतात. खोडाला चिकट पट्टा गुंडाळला की राखणदार वर चढू शकत नाहीत, पुढचं काम आपोआप होतं. तोच उपाय तुमच्या जास्वंदीला. पट्टा थेट सालीवर नको, खाली कागद किंवा कापड.

हॉवरफ्लायबद्दल एक राहिलं. तिची अळी माव्यातच सापडते. बिनपायाची, हिरवट-तपकिरी, पुढून निमुळती. लोक गोगलगायीचं पिल्लू समजून चिरडतात. पकडलेला मावा ती उचलून धरते आणि शोषून कातडं टाकून देते. बघायला थोडी हिंमत लागते.

रातकिडा:

भिंगवाले, ॲपवर एवढा राग का? ॲपने सुचवलेलं नाव म्हणजे निकाल नव्हे, हे मान्य. पण आयनॅचरलिस्टवर (जीवांच्या नोंदी टाकायचं संकेतस्थळ आणि ॲप) नोंद टाकली की यंत्राच्या अंदाजानंतर माणसंही बघतात. फोटो, तारीख, ठिकाण असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त जणांचं जातीवर एकमत झालं, तरच तिला रिसर्च ग्रेड, म्हणजे पक्क्या नोंदीचा दर्जा, मिळते, आणि त्यासाठी किमान दोघं लागतात. माझ्या काही नोंदी वर्षानुवर्षं कुळापाशी अडकून पडल्या आणि एक दिवस कोणा परक्या मुलखातल्या माणसाने येऊन गण सांगितला. वहीत हे झालं नसतं. ताई, दोन फोटोंना दोन नावं आली तर दोन्ही नावांच्या वर जा, ती कुठे एकत्र येतात बघा. दोन्ही एकाच कुळात असतील तर कुळ लिहा. यंत्र गोंधळलं की खरं उत्तर बहुधा वरच्या पायरीवर असतं.

घरच्या बागेचं नेमकं ठिकाण जगाला दाखवायचं नसेल तर नोंद करताना ठिकाण अस्पष्ट ठेवायचा पर्याय निवडा. मग नकाशावर अक्षांश-रेखांशाच्या ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी ठिपका दिसतो.

फुलपाखरं ओळखू येतात म्हणालात, म्हणून एक कोडं. काळं फुलपाखरू, मागच्या पंखांवर पांढरा डाग, कडेला लाल चंद्रकोरी, शेपट्या. काय लिहाल? कॉमन रोझ असेल, नाहीतर कॉमन मॉरमॉनची मादी. पंखांवर विसंबू नका, अंग बघा. रोझचं अंग लाल, मॉरमॉनचं काळं. रोझ पक्ष्यांना बेचव लागतं, मॉरमॉनची मादी त्याची नक्कल करून वाचते. गंमत म्हणजे मॉरमॉनच्या माद्यांची रूपं एकाहून जास्त: एक नरासारखी, एक कॉमन रोझसारखी, एक क्रिमसन रोझसारखी. कुठली मादी कसली होणार हे डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर ठरतं, असं कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दाखवलं. लिंबाच्या पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काही दिसलं की ते पुसू नका, याच कुळातली लहान अळी असते ती. बोटाने हलकेच टोचलंत तर डोक्यामागून दुबेळकी शिंगं बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. (केसाळ अळ्यांना मात्र चुकूनही हात नको. काहींचे केस कातडीत रुततात आणि पुरळ उठतं.)

आणि ताई, तुमची सगळी यादी दिवसाची आहे. रात्रीची पाळी कोण बघणार? पांढरी चादर टांगा, समोर दिवा लावा, तासाभराने बघा. पतंगांच्या मिशांपासून सुरुवात करा: फुलपाखराच्या टोकाला गाठ, पतंगाच्या सरळ नाहीतर पिसासारख्या फणीदार. काही जातींत नराच्या मिशा पिसारलेल्या असतात आणि मादीच्या साध्या. २०१२ पासून दरवर्षी जुलैच्या अखेरीस नॅशनल मॉथ वीक असतो, नाव नॅशनल असलं तरी नोंदी जगभरातून येतात. एकच नियम पाळा: काम झालं की दिवा बंद आणि चादर हलकेच झटकून पतंग झुडपात सोडायचे. पहाटेपर्यंत तसेच राहिले तर पाली आणि पक्षी चादरीवरच पंगत मांडतात.

भिंगवाला:

रातकिडा, राग ॲपवर नाही. नाव मिळालं की लोक बघायचं थांबतात, त्यावर आहे. बाकी चादरीबद्दल +१.

सोनकुसुम:

सगळ्यांचे मनापासून आभार. मुंगीचे पाय मोजले. आठच! जास्वंदीवरचे पुंजके तसेच ठेवलेत, खोडाला खाली कापड घालून पट्टा बांधलाय. काळा-नारिंगी भुंगेरा एकदा दिसला, पण फोटोत नुसती फांदी आली.

आता खास बातमी. वाळक्या फांदीचा संशय खरा निघाला. फांदीच्या बुडाशी पेन्सिल जाईल एवढं भोक आहे, त्यासमोर स्टूल टाकून बसले. थोड्या वेळाने ती आली. पानाचा तुकडा पोटाखाली पन्हळीसारखा वळवून सहाही पायांनी धरलेला, अंगाहून लांब. भोकाशी न थांबता सरळ आत शिरली, आणि तुकडा कडेला घासल्याचा बारीक करकर आवाज आला. बाहेर पडताना पाठमोरी निघाली, तोंड पुसलं, गेली. पुढच्या खेपेला पान नव्हतं, पण पोटाची खालची बाजू पिवळीजर्द झालेली. परागकण पायांवर असतात ना? हे पोटाखाली कसे?

दुसरा प्रश्न. ती बाहेर गेली की एक वेगळीच माशी भोकापाशी येते. काळी, पोट मागे निमुळतं होत सुईसारखं टोकदार, अंगावर पांढऱ्या बारीक रेषा. आधी शेजारच्या पानावर बसून वाट बघते, मालकीण गेली की आत जाते. पान नाही, पराग नाही, रिकाम्या हाताने आत आणि रिकाम्या हाताने बाहेर. नर का? हुसकून लावू का?

भिंगवाला:

ताई, ही नोंद आधी तारखेसकट वहीत उतरवा.

पराग पायावरच्या टोपलीत भरून नेतात त्या पोळ्यातल्या मधमाश्या. मेगाकाइलीच्या कुळात पोटाखाली ताठ केसांचा ब्रश असतो. फुलावर पोट घासलं की पराग त्यात भरतात. फुलावर बसलेली, पोट किंचित वर उचललेली आणि खालून पिवळी झालेली माशी दिसली की डोळे मिटून हे कुळ लिहा.

दुसरी नर नाही, तीही मादीच, आणि तिचाही मुक्काम त्याच घरावर. सीलिऑक्सिस. मेगाकाइलीची जवळची नातेवाईक, पण घर बांधत नाही, पराग गोळा करत नाही. म्हणूनच तिच्या पोटाखाली तो ब्रश नसतो, हे तुम्ही "पराग नाही" म्हणून टिपलंतच. मालकीण बाहेर गेली की टोकदार पोटाने भरलेल्या खोलीत आपलं अंडं घालून जाते. तिच्या अळीचे जबडे सुरुवातीच्या काळात कोयत्यासारखे वाकडे असतात. त्यांनी ती यजमानाचं अंडं किंवा अळी मारते आणि साठवलेला गोळा खाऊन मोठी होते.

हुसकून लावू नका. ती आली म्हणजे मेगाकाइलीची वस्ती तिला पोसण्याइतकी आहे. आणि या भोकात तिने एखादी खोली बळकावली तरी बाकीच्या खोल्या सुटतात. मेगाकाइलीला मदतच करायची असेल तर त्याच फांदीत ६ ते ८ मिलिमीटर रुंदीची, चांगली खोल, आरपार न जाणारी आणखी काही भोकं पाडा. तोंडाला सालपटं राहू देऊ नका, पंख फाटतात. पावसाचं पाणी आत जाणार नाही अशी तोंडं किंचित खाली झुकलेली हवीत.

भोकाचं तोंड पानाच्या गोल तुकड्यांनी बंद झालं की आतलं काम संपलं. त्यानंतर फांदी हलवू नका. पुढे त्या झाकणाला भोक पडेल तेव्हा तिथेच बसून बघा कोण बाहेर येतं: बोथट पोटाची की टोकदार.